आधी हिस्सा, मग जागा : सामाईक जमीन-घराची वाटणी करताना

गट लांबुळका. एका टोकाला डांबरी रस्ता, दुसऱ्या टोकाला ओढा, मध्ये विहीर. वारस चार, आणि प्रत्येकाचा पाव हिस्सा आहे हे चौघांनाही मान्य. तरी कोर्टात दावा, कारण रस्त्याकडचा तुकडा चौघांनाही हवा आहे. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकं उलटं असतं. कोणी कुठे राहायचं हे वर्षानुवर्षं ठरलेलं, वहिवाटही तशीच, पण बहिणीचा हिस्सा मुळात आहे की नाही यावरच भांडण.

वाटणीच्या वादात असे दोन वेगळे प्रश्न असतात. किती, आणि कुठलं. पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे, आणि बहुतेक घरांत ते कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात काढता येतं. दुसऱ्याचं उत्तर कायद्यात जवळजवळ नाही. ते घरच्या माणसांनी शोधायचं, आणि नाहीच सापडलं तर मोजणीदार आणि कोर्ट कमिशनर त्यांच्या पद्धतीने शोधतात. हे दोन प्रश्न एकाच बैठकीत, एकाच श्वासात काढले की बोलणी फिसकटते. म्हणून खालचा सगळा क्रम याच धाग्याने मांडला आहे. तो मुख्यतः हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या, महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम कायद्यात जन्मसिद्ध हिश्श्याची एकत्र कुटुंबाची कल्पनाच नाही आणि ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यामुळे त्यांची हिस्स्यांची गणितं वेगळी. दस्त, मोजणी आणि दाव्याची वाट मात्र बरीचशी सारखीच.

पहिलं काम कागदांचं

बोलणीला बसण्याआधी कागद. आजचा सातबारा आणि आठ-अ हे फक्त शेवटचं पान. खरी गोष्ट फेरफारांत, म्हणजे उताऱ्यावरची नावं आणि हक्क बदलल्याच्या नोंदींत असते. सातबाऱ्यावर नावांखाली किंवा शेजारी जे फेरफार क्रमांक लिहिलेले असतात, त्यातला प्रत्येक काढा आणि मागे मागे जात राहा. १९३०-४० च्या सुमाराचे हक्कनोंदीचे उतारे, जुने हस्तलिखित सातबारे, क-ड-ई पत्रक, गट योजना झाली असेल तर एकत्रीकरणाचा उतारा, म्हणजे जुन्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला हे कळतं. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ, सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका. घर किंवा जमीन कोणी विकत घेतली असेल तर मूळ खरेदीखत. कर्ज, बोजा, कूळ, नवीन शर्त यांच्या नोंदी ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहायच्या.

जुन्या फेरफारांत दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून शोधा. पहिली, थोरल्या भावाच्या नावापुढची ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ अशी बारीक अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा कर्ता. आजोबा वारल्यावर सोयीसाठी एकट्या थोरल्याचं नाव लागलं, पुढे संगणकीकरणात ती अक्षरं गळली, आणि त्या थोरल्याची नातवंडं आता म्हणतात की जमीन आमच्या आजोबांच्याच नावावर होती. ते तीन अक्षरांचं टिपण सापडलं की अख्खा वाद फिरतो. दुसरी, बहिणींची नावं. कित्येक गावांत मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे कब्जेदाराच्या रकान्यात, आणि मुलींची ‘इतर हक्कात’ लावण्याची पद्धत पडली होती. त्यामुळे त्यांचा हिस्सा कमी होत नाही. तो कब्जेदाराइतकाच हिस्सा आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण तिच्यापायी लोकांची वर्षं जातात. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. सातबारा हा महसूल वसुलीसाठीचा अभिलेख. त्यावर नाव लागल्याने कोणी मालक होत नाही आणि न लागल्याने कोणाचा हक्क जात नाही. तरी तक्रारी, म्हणजे हरकत आलेल्या, नोंदीच्या प्रकरणात मंडळ अधिकाऱ्यासमोर हरलेला माणूस प्रांताकडे, मग जिल्ह्याला, मग आयुक्तांकडे आणि मंत्रालयात अपिलांमागून अपिलं करत जातो. दहा वर्षांनी प्रत्येक आदेशाच्या शेवटी तेच एक वाक्य वाचायला मिळतं, हक्काबाबत दिवाणी न्यायालयात दाद मागावी. चुकीच्या फेरफाराविरुद्ध ६० दिवसांच्या आत प्रांताकडे अपील जरूर करा, पण वाद हक्काचाच असेल तर त्या निकालाची वाट पाहत दिवाणी दावा लांबवू नका.

मयताची वारस नोंद अजून झालीच नसेल तर ती आधी उरका. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं शपथपत्र आणि अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, द्यायचा. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं काम राज्यभर घेतलं गेलं. तुमच्या उताऱ्यावर त्या मोहिमेत नावं लागली असतील तर एखादी बहीण किंवा मयत भावाची विधवा सुटलेली नाही ना, हे पाहून घ्या.

वंशावळ, आणि तिच्यावर तारखा

एका मोठ्या कागदावर वंशावळ काढा. नुसती नावं नकोत. प्रत्येक मयतासमोर मृत्यूचं वर्ष, प्रत्येक विवाहासमोर पत्नीचं नाव, दुसरं लग्न असेल तर तेही, आणि वारलेल्या मुलामुलीची पुढची शाखा. वाटणीच्या दाव्यात वंशावळ हाच पाया असतो. एक शाखा सुटली तर सगळा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निर्णय, डळमळतो.

तारखा इतक्या महत्त्वाच्या का, ते सांगतो. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू आहे. त्याआधी वारलेल्या माणसाचा वारसा जुन्या शास्त्राने ठरतो, आणि विधवा मागे असताना त्याच्या मुलीला वारसा म्हणून वाटा मिळत नाही. त्यानंतरच्या मृत्यूंना कायद्याचं कलम ८, म्हणजे पत्नी, मुलं, मुली, आई आणि मयत मुलामुलींच्या शाखा असे पहिल्या वर्गाचे वारस. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, केलं. तेव्हा लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या, आणि ‘लग्न झालेल्या मुलीला वाटा नाही’ हे वाक्य गावागावांत तिथून घट्ट बसलं. ते आता खरं नाही. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद झाली, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या दिवशी हयात हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवला. वडील आधी वारलेले असले तरी मुलीचा हक्क राहतो. मोठा अपवाद म्हणजे, २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल तर ती उघडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ हा बचाव न्यायालय सहज मानत नाही. त्याला त्या काळातल्या सरकारी कागदांचा भक्कम आधार लागतो.

आता दुसरा गैरसमज. आपण बोलताना आजोबांकडून आलेल्या सगळ्याला वडिलोपार्जित म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत तसं नाही. आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली जमीन, आजोबा १९७५ मध्ये मृत्युपत्राविना वारले, तर ती कलम ८ प्रमाणे आत्या आणि वडील यांच्यात वाटली जाते, आणि वडिलांच्या वाट्याला आलेला भाग त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा असतो. १९८६ पासून सर्वोच्च न्यायालय हीच भूमिका घेत आलं आहे. म्हणजे वडील हयात असताना नातवाने ‘माझा जन्मसिद्ध हक्क’ म्हणून त्यात वाटणी मागता येत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतही मागता येत नाही. जन्मसिद्ध हक्क चालतो तो पिढ्यान्‌पिढ्या न वाटलेल्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत. म्हणून प्रत्येक मिळकतीसमोर लिहा : कोणी, कधी, कशातून घेतली. काही मिळकती एका रांगेत, काही दुसऱ्या रांगेत बसतील, आणि हिस्से दोन्हीकडे वेगळे निघतील.

हिस्सा कसा काढायचा

एक गणित करून पाहू. एकत्र कुटुंबाची जमीन. वडील २०१२ मध्ये वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील वारण्याच्या क्षणी वाटणी झाली असं गृहीत धरायचं. त्या मानलेल्या वाटणीत वडील, आई, दोन मुलगे, मुलगी असे पाच समान वाटे. आईला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, पण वाटणी झालीच तर तिला मुलाएवढा वाटा हिंदू कायद्याच्या आपल्याकडच्या मुंबई परंपरेत मिळतो. मग वडिलांचा एक पंचमांश मागच्या चौघांत, म्हणजे प्रत्येकी एक विसांश. एक पंचमांश अधिक एक विसांश, बेरीज एक चतुर्थांश. चौघांना पाव-पाव.

हीच रीत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या प्रकरणात घालून दिली. तिथे पती १९६० मध्ये वारले होते, मागे विधवा, दोन मुलगे, तीन मुली. मुली तेव्हा सहदायाद नव्हत्या, म्हणून मानलेल्या वाटणीत पती, पत्नी आणि दोन मुलगे असे चारच वाटे. पतीचा पाव मग सहा जणांत. विधवेला एक चतुर्थांश अधिक एक चोविसांश, म्हणजे २४ पैकी ७. आजच्या कायद्याने त्याच घराचं गणित केलं तर सात समान वाटे पडतात, पतीचा सप्तमांश सहांत जातो, आणि सगळ्यांना बरोबर एक षष्ठांश मिळतो. हे गणित भावा-बहिणींनी एकत्र बसून स्वतः करावं. वकिलाने सांगितलेला आकडा आणि स्वतः मांडून पाहिलेला आकडा यांत फरक असतो. दुसरा पचतो.

जुन्या सातबाऱ्यावर आणेवारी असेल, म्हणजे एकाच्या नावापुढे आठ आणे, दुसऱ्यापुढे चार, तर ती टिपून ठेवा. पुरावा म्हणून ती मोलाची असते, अंतिम मात्र नसते.

मुदतीबद्दल थोडक्यात. मिळकत सामाईक आहे तोवर वाटणी मागायला मुदत नाही, आणि एक भाऊ एकटा कसतो म्हणून तो कालांतराने मालक होत नाही. त्याचा कब्जा सगळ्यांच्या वतीने मानला जातो. पण कोणी उघडपणे ‘तुझा इथे वाटा नाही’ म्हणून हाकलून लावलं, आणि ते तुम्हाला कळलं, तर तिथून १२ वर्षांचं घड्याळ सुरू होतं. तशी नोटीस किंवा उत्तर आलं असेल तर त्याची तारीख विसरू नका.

आता जागा. इथे घाई करू नका

हिस्सा ठरला आणि सगळ्यांनी त्या कागदावर सही केली, की बैठक तिथेच थांबवा. जागेचं बोलणं वेगळ्या दिवशी, आणि शक्यतो शेतावर उभं राहून.

कोर्टाच्या कागदांत ‘सरस-निरस मानाने वाटप’ असा शब्द येतो. अर्थ सरळ आहे. चांगली जमीन घेणाऱ्याला क्षेत्र थोडं कमी, खडकाळ घेणाऱ्याला थोडं जास्त. रस्त्याला लागून असलेल्या गुंठ्याची आणि ओढ्याकाठच्या गुंठ्याची किंमत एक नसते हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून नुसतं क्षेत्र भागू नका, आधी गटाचे मूल्यानुसार पट्टे पाडा. रस्त्याकडचा, विहिरीखालचा, माथ्याचा, ओढ्याकडचा, प्रत्येक पट्ट्याला तुलनेत किती भाव हे आकड्यात ठरवा. मग ज्याला रस्ता हवा त्याने त्याबदल्यात काय सोडायचं ते आपोआप दिसतं. ते पटत नसेल तर जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. दोघे असतील तर एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी निवडायचं. जास्त असतील तर सगळ्यांना मान्य होतील असे वाटे पाडून देवासमोर चिठ्ठ्या.

प्रत्येक तुकड्याला गाडीवाट मिळतेय का, हे नकाशावर पाहा. गाडीवाट म्हणजे ट्रॅक्टर जाईल अशी. किती फूट रुंद, कुठल्या बांधाने, तिची जमीन कोणाच्या वाट्यातून गेली, हे सगळं दस्तात लिहा. विहीर वाटत नाही, पाणी वाटतं. मोटर कोणाची, वीजबिल कसं, पाण्याची पाळी किती दिवसांनी आणि किती तासांची, विहीर खोल करायची झाली तर खर्च कोणी, पाइपलाइन कोणाच्या वाट्यातून जाणार. आमच्याच घरच्या वाटणीत जमीन अगदी सुरळीत वाटली गेली आणि पाण्याच्या पाळीची ओळ मात्र लिहायची राहिली. दोन चुलत्यांत पुढे बोलणं बंद झालं ते त्या एका ओळीपायी. मोठी झाडं, गोठा, जुनं पीककर्ज, सोसायटीचा बोजा, आणि आईने कोणाकडे राहायचं, तिचा औषधाचा खर्च कोणी करायचा, हेही त्याच कागदात यायला हवं. आईला वाटा दिला तर तो तिच्या नावावर लावा, आणि तिच्या हयातीत तिच्याच हातात राहू द्या. ‘आईचा वाटा धाकट्याकडे’ असं नुसतं लिहून ठेवू नका.

बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी ठरलं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे वाटणीतही त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. दोन एकर जिरायत आणि सहा वारस असतील तर प्रत्येकी तेरा-साडेतेरा गुंठे होतात, म्हणजे जमिनीवर सहा तुकडे पडणारच नाहीत. अशा घरांनी आधीच ठरवावं की कोण जमीन घेणार आणि कोण पैसे. कायद्यातही हाच मार्ग आहे, तुकडा देता येत नसेल तर त्या हिस्सेदाराला मोबदला. पैसे घेणारा सहसा पुण्या-मुंबईला स्थायिक झालेला भाऊ किंवा बहीण असते. रक्कम कशी आणि कधी द्यायची, हे दस्त होण्याआधी ठरवा, नंतर नाही.

कुठला दस्त

तीन वाटा आहेत. सगळ्यांची संमती असेल आणि मिळकत शेतजमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज. याला लोक खातेफोड म्हणतात. सर्व सहधारकांची संमती हवी. एकानेही हक्काचा वाद काढला तर तहसीलदार पुढे जात नाहीत, दिवाणी कोर्टाकडे पाठवतात.

दुसरी, नोंदणीकृत वाटणीपत्र. घर, प्लॉट, शेती सगळं एकत्र वाटायचं असेल तर हेच बरं. मुद्रांक शुल्क मोजताना सर्वात मोठा वाटा सोडून उरलेल्या वाट्यांचं मूल्य धरतात. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत दस्त नोंदवायला हवा. दस्ताला मोजणीचा नकाशा जोडा, आणि चतुःसीमा प्रत्येक वाट्याच्या स्वतंत्र लिहा. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेली वाटणी कोर्टात जवळजवळ उपयोगी पडत नाही. आधीच प्रत्यक्षात झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेली यादी वेगळी, तिला नोंदणी लागत नाही. पण ती यादी आहे की नवा दस्त यावरच पुढे भांडण होतं. म्हणून नोंदवाच.

तिसरी, हक्कसोडपत्र. बहुतेक वेळा बहिणीकडून. दस्त नोंदणीकृतच हवा. हक्क फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात सोडता येतो, आणि कोणाच्या लाभात, एका भावाच्या की सर्वांच्या, हे स्पष्ट लिहावं लागतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा पुढे मिळणारा हक्क मुलीने सोडला तर तो दस्त कायद्याने पोकळ आहे, कारण तेव्हा सोडायला तिच्याकडे काही नसतंच. आणि भावांना माझी कळकळीची विनंती : दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीला ‘जरा तालुक्याला जाऊन येऊ’ म्हणून निबंधक कार्यालयात नेऊ नका. तिला आधी हिस्स्याचं गणित दाखवा. दस्त आठ दिवस वाचायला द्या. मग ती सोडेल किंवा मोबदला मागेल, दोन्ही तिचा हक्क आहे. फसवणुकीने झालेला हक्कसोड रद्द करून मागायला ती कोर्टात आली तर भावांचा सगळा व्यवहार, त्या जमिनीवर घेतलेलं कर्जसुद्धा, अडकतं.

दावा करायचाच झाला तर

दाव्याआधी वकिलामार्फत वाटणीची मागणी करणारी नोटीस द्या. दाव्यात कुटुंबाच्या सगळ्या मिळकती आणि सगळे हिस्सेदार यायलाच हवेत. एक गट किंवा एक बहीण वगळली तर तो बचाव समोरच्याच्या पहिल्याच कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, येतो. सामाईक जमीन घेतलेला खरेदीदार असेल तर त्यालाही पक्षकार करा. कोर्ट फी हिश्श्याच्या मूल्यावर लागते. मिळकतीच्या वादात स्त्रियांना मात्र राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे, आणि उत्पन्न कितीही असलं तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कित्येक बहिणी निव्वळ खर्चाच्या भीतीने गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दाव्यासोबतच निशाणी ५ चा अर्ज, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम : निकालापर्यंत जमीन विकू नये, गहाण ठेवू नये, बिगरशेती करू नये. आणि एक गोष्ट महाराष्ट्रात हमखास विसरली जाते. दावा चालू असताना झालेली खरेदी दाव्याच्या निकालाला बांधील राहावी यासाठी इथे प्रलंबित दाव्याची सूचना, ज्याला सगळे लिस पेंडन्स म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवलीत तर पुढचा खरेदीदार ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही. दावा दाखल केल्याच्या आठवड्यातच हे काम करा.

प्रतिवादी असाल तर घाबरू नका. वाटणीच्या दाव्यात प्रत्येक जण वादीही असतो आणि प्रतिवादीही. आपला हिस्सा त्याच दाव्यात मागा, त्याची कोर्ट फी भरा. कोणी पक्षकार वारला तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणा. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या दाव्यांत म्हातारी माणसं जातात, आणि तो अर्ज राहिला म्हणून चांगला दावा पडतो. मध्येच कोणी विहिरीचं पाणी किंवा वाट अडवली तर त्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारांकडे जाता येतं, पण ६ महिन्यांच्या आत.

पुराव्यानंतर येतो तो प्राथमिक हुकूमनामा. त्यात फक्त ‘किती’ याचं उत्तर असतं. पेढे वाटून लोक घरी जातात आणि फाइल कपाटात बंद होते. जमीन अजून तशीच असते. ‘कुठलं’ हा अर्धा प्रवास इथून सुरू होतो. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणजे हुकूमनामा तिकडे जातो आणि तहसील व भूमी अभिलेख कार्यालय वाटे पाडतं. घर, प्लॉट आणि बिगरशेती मिळकतीसाठी कोर्ट कमिशनर नेमतात, त्याचा अहवाल, त्यावर हरकती, मग अंतिम हुकूमनामा. ही पुढची पायरी लांबू नये म्हणून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयांना सांगितलं की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न पाहता अंतिम हुकूमनाम्यासाठी तारीख नेमावी. तरीही तुमच्या वकिलाला प्राथमिक निकालाच्या दिवशीच ‘पुढची तारीख कधी’ हे विचारा.

अंतिम हुकूमनामा मुद्रांक कागदावर निघतो आणि ते मुद्रांक पक्षकारांनी पुरवायचे असतात. अंमलबजावणीची दरखास्त करायला १२ वर्षं असतात, आणि ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, मुद्रांक भरल्याच्या तारखेपासून नाही. मुद्रांकाच्या पैशांवरून भाऊ एकमेकांकडे बघत बसले आणि मुदत निघून गेली, असं घडू देऊ नका.

वाटेत कधीही तडजोड करता येते. लोकअदालतीत झाली तर तिच्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. तडजोडीच्या पुरसिशीला, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनाला, मात्र मोजणीचा नकाशा जोडा.

घर, फ्लॅट, आणि बाहेरचा खरेदीदार

दोन खोल्यांचा फ्लॅट चौघांत वाटता येत नाही. १८९३ च्या वाटणी कायद्याने अशा वेळी कोर्ट विक्रीचा आदेश देऊ शकतं, पण विक्री मागणाऱ्याचा हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत घेण्याची संधी आधी मिळते. गृहनिर्माण सोसायटीत ज्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे तो मालक होत नाही, बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो.

‘सगळ्यांच्या सह्यांशिवाय विकता येत नाही’ हेही अर्धवट खरं. मुंबई परंपरेत सहदायाद आपला अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकू शकतो. खरेदीदाराला मात्र ठरावीक तुकडा मिळत नाही, वाटणी मागण्याचा हक्क मिळतो. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला तर तो घरात येऊन राहू शकत नाही, आणि त्याने वाटणी मागितली तर कुटुंबीय कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा परत घेऊ शकतात. शिवाय कलम ८ प्रमाणे वारसाने आलेल्या मिळकतीत एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

गोव्यातली मिळकत असेल तर हे गणित तिथे नेऊ नका. तिथे सर्व धर्मांना एकच वारसा कायदा आहे, साधारणतः पती-पत्नीची मालमत्ता निम्मी-निम्मी सामाईक असते, आणि मृत्यूनंतरची वाटणी २०१२ च्या कायद्याखाली इन्व्हेंटरी प्रक्रियेने होते. सिंधुदुर्गात घर आणि पेडण्यात बाग असलेल्या कुटुंबांनी दोन्हीकडे वेगळा वकील घ्यावा.

ताबा घेतल्यानंतर

वाटप हातात आलं की भूमी अभिलेख कार्यालयात पोटहिस्सा मोजणीचा अर्ज करा, मोजणीदार येईल त्या दिवशी सगळ्या हिस्सेदारांना शेतावर बोलवा, आणि दगड रोवले जात असताना बघा. मोजणीच्या नकाशाची क-प्रत प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावी. मग दस्ताची किंवा हुकूमनाम्याची नक्कल देऊन फेरफार, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा. त्यावर आपलं नाव कंसाबाहेर एकट्याचं आहे ना, क्षेत्र वाटणीपत्रातल्या आकड्याशी जुळतं ना, आकार, म्हणजे सारा, बरोबर विभागला ना, विहिरीतला हिस्सा आणि गाडीवाट ‘इतर हक्कात’ लागली ना, जुना सोसायटीचा बोजा चुकून सगळ्यांच्या उताऱ्यावर राहिला नाही ना. एवढं पाहून झालं की एक प्रत आईच्या ट्रंकेत ठेवा.